सदस्य नसलेल्याचा निरोप

सूर्यमाळकडच्या एका बाईला लेकीच्या बाळंतपणाला वेळेवर पोचायचे होते. एवढीच गोष्ट आहे. ती का पोचली नाही हे मला नीट माहीत आहे, कारण निरोपाची वाट माझ्या दुकानातून जात होती.

मोखाड्याच्या एसटी स्टँडसमोर माझे एसटीडी बूथ होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढले. नवरा शाळेवर, मुले शाळेत, आणि मला रिकामे बसायची सवय नाही. तालुक्यात तेव्हा फोन मोजकेच. वावर-वांगणीची बाळे कुपोषणाने गेली त्या वर्षी साहेब, पत्रकार, संस्थावाले यांच्या गाड्या लागायच्या, सगळे माझ्या बूथवरून मुंबईला फोन करायचे. ते गेले, बूथ राहिले. मग माझ्या लक्षात आले की फोन करायला येणाऱ्यांपेक्षा ‘फोन आला का’ विचारायला येणारे जास्त आहेत.

दिवाळी झाली की इकडचे पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. परततात ते पावसाच्या तोंडावर. मागे म्हातारी माणसे, कोंबड्या आणि कुलूप नसलेली दारे. भट्टीवरचा कोणी नाक्यावर आला की माझ्या नंबरावर फोन करून घरचा निरोप सांगायचा. तो पुढे डोंगरातल्या पाड्यावर न्यायचा कसा? मी शाळेतून मोडीत निघालेला एक फळा आणला आणि बाहेरच्या भिंतीला टांगला. आलेले निरोप खडूने लिहायला लागले. जीपवाले सकाळी चहा पिताना वाचायचे, आपल्या रस्त्यावरचा निरोप असला की तोंडपाठ करून न्यायचे.

नियम मी तीन ठेवले. कोणीही लिहावे. कोणीही वाचावे, वाचता येत नसेल तर शेजारच्याने वाचून दाखवावे. आणि ज्या जीपवाल्याने निरोप नेला त्यानेच तो पुसावा, म्हणजे गेला की राहिला हे कळते. आणखी एक नियम होता, तो मी केलेला नव्हता. मरणाचा निरोप फळ्यावर लिहायचा नाही. तो माणसाने जाऊन सांगायचा.

निरोपात नाव क्वचितच असे. इकडे बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, सून सासऱ्याचे घेत नाही, आणि घेतले तरी एका पाड्यावर त्या नावाचे चार जण, आडनाव सगळ्यांचे एक. म्हणून निरोप असा येई: ‘सूर्यमाळ, वरचा पाडा, दोन आंब्यांमधले घर, धाकट्याला सांगणे, बैल विकू नये.’ बाहेरच्याला यातून काही कळले नसते. जीपवाल्याला घर, धाकटा आणि बैल तिन्ही डोळ्यांसमोर दिसायचे.

दोन हजार साल उलटल्यावर ठाण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या दिराने त्याचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. इंटरनेट यायचे ते त्याच एका फोनच्या तारेवरून. कॉम्प्युटर जोडला की फोन बंद, फोन चालू ठेवायचा तर कॉम्प्युटर तोडायचा. दिराने इंटरनेटवर आमच्यासाठी एक पान तयार केले. पांढऱ्यावर काळी अक्षरे. वरती ‘निरोप लिहा’, खाली आलेले निरोप, ताजा सगळ्यात वर. फोटो नाही, पासवर्ड नाही, तुम्ही कोण म्हणून कोणी विचारत नव्हते. पान इतके हलके की चुलीवरचा चहा वर यायच्या आत उघडायचे. सकाळी जोडायचे, निरोप फळ्यावर उतरवायचे, तोडायचे. फोन मोकळा. संध्याकाळी परत एकदा.

पानावर सगळ्यात जास्त लिहायचा तो आमच्या तालुक्यातला नव्हता. भिवंडी-वाडा रस्त्यावर, भट्ट्यांच्या नाक्यावर, त्याचा सायबर कॅफे होता. उत्तरेकडचा माणूस, मराठी तोडकीमोडकी. मजूर त्याच्याकडे फोन करायला यायचे. फोनपेक्षा पानावर लिहिणे त्याला सोयीचे वाटले, आणि तो लिहायला लागला. रोमन अक्षरांत, स्वतःच्या कानाला ऐकू येईल तसे. सूर्यमाळचे ‘सुरजमाल’ आणि दाभोश्याचे ‘दबोसा’ करायचा. पण तो मजुराला विचारून घ्यायचा: कौन सा पाड़ा? घर के पास कौन सा पेड़? त्याने मोखाडा कधी पाहिला नव्हता. तरी त्याचा एकही निरोप जीपवाल्यांना कळला नाही असे झाले नाही.

आता ती बाई. वरच्या पाड्याची, माझ्याच वयाची, बाजाराच्या दिवशी उडीद, वरई घेऊन यायची. इकडची माणसे सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, साहेबालाही. ती मलाही म्हणायची. तिची एकुलती लेक नवऱ्याबरोबर भट्टीवर जायची. आदल्या साली तिचे पहिले मूल भट्टीवरच जन्मले आणि दुसऱ्या दिवशी गेले. जवळ कोणी जाणते नव्हते. या दिवाळीला लेक परत गरोदर होती, दिवस शिमग्याला भरणार होते, आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, म्हणजे जाणे भाग. आईने एकच ठरवले होते. या वेळी दिवस भरत आले की मी तिथे जाणार, आणि सगळे माझ्या हाताने करणार.

टेम्पो सुटायच्या आधी दोघी माझ्या बाकावर बसल्या होत्या.

“त्या दुकानवाल्याला सांग,” आई म्हणाली. “पोटात जरा काय झाला, तरी सांग.”

“आय, शिमग्याला टाइम हाय अजून.”

“टाइम हाय तं हाय. सांग तू.”

“तू लवकर आलीस तं माझे वाट्याची भाकर पण तूच खाशील,” लेक म्हणाली. टेम्पोतल्या बायका हसल्या. आईने तिच्या पाठीत एक चापट मारली आणि तशीच हात ठेवून बसली.

जीपवाला, खोडाळ्याच्या रस्त्याचा, पलीकडून ओरडला, “मावशी, निरोप आला की मी गाडी उलटी पळवतो. पण तू तयार राहा, वेणी घालत बसू नको.”

“तुझे गाडीपेक्षा मी पायी लवकर जाईन,” ती म्हणाली. तेही खरे होते.

वाट अशी होती: भट्टीवरून कॅफेवाला, कॅफेवाल्याकडून पान, पानावरून फळा, फळ्यावरून जीप, जीपमधून पाडा. ती निघाली की रात्रीच्या आत नाक्यावर. बाईला अक्षर वाचता येत नव्हते, पण ही वाट तिला पाठ होती. तिने मला ती म्हणून दाखवली आणि विचारले, “बरोबर?” मी म्हटले, बरोबर.

त्याच महिन्यात ती वाट मोडली.

तेव्हा एका सोशल नेटवर्किंग साइटचे सगळीकडे वेड होते. कॉलेजची मुले, शिक्षक, कचेरीतले कारकून, ठाण्या-नाशकात नोकरीला लागलेली आमची मंडळी, सगळे तिथे. दिराने आणि इथल्या एका गुरुजींनी मिळून त्या साइटवर मोखाडा आणि जव्हार या आमच्या दोन तालुक्यांचा ‘परिवार’ काढला. गुरुजी पाड्यावरच्याच घरातले, त्यांच्या घराण्यात पहिले शिकलेले. वाईट माणूस नाही. परिवारात आपली माणसे एकत्र यावीत, मुलांना नोकरीच्या जागा कळाव्यात, असे त्यांच्या मनात होते, आणि काही मुलांना त्या कळल्याही.

दीर दिवाळीला आला तेव्हा मला बसवून दाखवायला लागला.

“वहिनी, आपल्या पानावर काय आहे? काळी अक्षरं. इथे बघा. फोटोंचे अल्बम, वाढदिवसाची आठवण, आजचं भविष्य. कोण किती विश्वासू, कोण किती देखणा, त्याला मार्क देता येतात. आवडता पिक्चर, आवडता पदार्थ, सगळं लिहायला जागा आहे.”

“पाडा कुठे लिहायचा?”

त्याने वर-खाली शोधले. “शहर आहे की.”

“सूर्यमाळ शहर?”

तो हसला. “अहो, पत्ता कशाला हवा? नाव टाकलं की माणूस सापडतो.”

“आमच्याकडे नाव टाकलं की अर्धा तालुका सापडेल, भाऊजी.”

हे बोलणे होईपर्यंत पडद्यावर त्या पानाचा वरचा तुकडा तेवढा आला होता. खालचे फोटो एकेक पट्टी करून उतरत होते. फोन तेवढा वेळ बंद.

मी त्यावर भांडले नाही. साइट लोकांना आवडत होती, लोक तासाचे पैसे देऊन बसत होते, माझेही दुकानच होते. मी एवढेच म्हटले की परिवार चालू द्या, पानही राहू द्या. पण पानाचेही दुखणे होते, ते सांगायला हवे. दार उघडे असल्यामुळे त्यावर गोळ्यांच्या जाहिराती यायच्या, कोणीतरी एका नर्सबाईंबद्दल घाणेरडे लिहून जायचे. दीर सुट्टीच्या दिवशी बसून ते पुसायचा. त्याला कंटाळा आला होता. आणि मग परिवारातही एक प्रकार झाला. इथल्याच एका शिक्षकांच्या मुलीचा फोटो कोणीतरी परिवारातून उचलून भलत्याच जागी नेऊन लावला. मुलगी कॉलेजला जायची बंद झाली. तिचे वडील गुरुजींच्या दारात येऊन रडले. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी परिवाराला कुलूप लावले. सदस्य असेल त्यालाच आत दिसेल, सदस्यालाच लिहिता येईल. सदस्य व्हायचे तर खरे नाव-आडनाव हवे, स्वतःचा फोटो हवा आणि माणूस आपल्या दोन तालुक्यांतला हवा. त्या मुलीकडे बघून याला नाही म्हणणे मला जमले नाही.

त्याच झटक्यात दिराने पान काढून टाकले.

“दोन-दोन कशाला, वहिनी? पानावर तुमच्या त्या कॅफेवाल्याशिवाय लिहितं कोण?”

“तोच तर लिहितो.”

“मग त्याला परिवारात घ्या की.”

“साफ करायचं काम मी करते. पान ठेवा.”

“ते जुनं झालं आता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. जुना टीव्ही उचलून माळ्यावर टाकावा तसा.

मी कॅफेवाल्याला फोन करून सांगितले, पान बंद झाले, परिवारात नाव नोंदवा, नाहीतर मला फोन करा. तो म्हणाला, “ठीक है मैडम, कर लेंगे।”

त्यानंतर माझ्या दुकानात दिवसभर कोणी ना कोणी त्या साइटवर बसलेले असे. आधी दोन मिनिटांत भागणाऱ्या कामाला आता अर्धा-पाऊण तास लागायचा, कारण निरोपापर्यंत पोचायच्या आधी सगळे अल्बम, सगळी भविष्ये, सगळे लुकलुकणारे हार-तुरे उतरून यावे लागत. मध्येच लाइन तुटली की पहिल्यापासून. दुसरी लाइन मिळावी म्हणून माझा अर्ज टेलिफोन कचेरीत पडून होता. केबलमध्ये जागा नाही, असे उत्तर यायचे. मोबाइलचा टॉवर गावात आला होता, पण रेंज स्टँडमागच्या चढावर उभे राहिले तर. सूर्यमाळला तेही नाही. भट्टीवर मोबाइल असला तर मुकादमाकडे.

फळ्यावरचे निरोप कमी झाले. जीपवाला म्हणाला, “काय ताई, सगळे सुखी झाले वाटतं?”

बाई बाजाराच्या दिवशी यायची. टोपली बाकावर ठेवायची आणि सरळ आत.

“काय आला का?”

“नाही.”

पडद्यावर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो असायचे. ती वाकून बघायची. “यो कोण?”

“ठाण्याचे कोणी.”

“हसतो कशाला एवढा?”

“लग्न आहे त्याचं.”

“मंग हसू दे. पुढं हाय त्याला रडायचा.” बसलेली पोरे फिदीफिदी हसायची. तीही हसायची. मग म्हणायची, “एवढी माणसं या डब्यात दिसतात. माझी एक पोर दिसना तुला?”

मी म्हणायचे, शिमगा लांब आहे, अजून काही नाही म्हणजे बरेच आहे. तीही तेच म्हणायची. निरोप नाही म्हणजे बरे आहे, असेच इकडे धरून चालतात. पाडे वर्षानुवर्षे त्याच हिशेबाने झोपत आले आहेत. त्या हिशेबात वाट उघडी आहे हे गृहीत असते.

संक्रांत आली. परिवारात तिळगुळाची उडती चित्रे, चमकणारे पतंग, एकाने पाठवले की दुसऱ्याने परत पाठवलेले. दिराच्या भिंतीवर, म्हणजे साइटवर त्याच्यासाठी कोणीही लिहायच्या जागेवर, तर पानेच्या पाने शुभेच्छा. त्या दिवसांत साइट उघडणे म्हणजे शिक्षा होती.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी दुपारी भारनियमनात वीज गेली. कॉम्प्युटर बंद पडला, पोरे उठून गेली, आणि दोन-तीन मिनिटांत फोन वाजला.

“मैडम!” कॅफेवाला ओरडलाच. “आपका फोन मिलता क्यों नहीं? हफ़्ते भर से लगा रहा हूँ, हमेशा एंगेज।”

मी म्हटले, काय झाले ते सांगा.

“वो लड़की गुज़र गई। सुरजमाल वाली। बच्ची है।”

मी बसून ऐकून घेतले. लेकीचे पाय-तोंड सुजले, मग झटके यायला लागले. भट्टीवाल्यांनी तिला तिकडच्या सरकारी दवाखान्यात नेले. मूल आठव्या महिन्यातच झाले, मुलगी, जिवंत. लेक त्यानंतर तीन दिवस जगली. मधूनमधून शुद्धीवर यायची. नवऱ्याला म्हणायची, आय निघाली का? नवरा दर वेळी कॅफेवर यायचा. कॅफेवाल्याने सूज दिसली त्या दिवसापासून प्रयत्न चालवले होते. परिवारात जायचा अर्ज टाकला. तो नाकारला गेला. त्याच्या फोटोच्या जागी सिनेमातल्या एका नटाचा फोटो होता आणि आडनाव नव्हते. मग त्याने दुकानाच्या पाटीचा फोटो लावून परत अर्ज टाकला. तो पडून राहिला. दिराला त्याच्या भिंतीवर लिहिले: ‘सुरजमाल, उपर का पाडा, दो आम के बीच का घर, मा को जल्दी भेजो.’ रोज लिहिले. मी नंतर ते पाहिले. पतंगांच्या आणि तिळगुळाच्या खाली, तीन वेळा.

माती तिकडेच झाली होती.

मी फोन ठेवला, दुकान बंद केले. जीपवाला स्टँडवर होता. मी पुढच्या सीटवर बसले आणि म्हटले, सूर्यमाळ. त्याने प्रवाशांची वाट बघितली नाही. अर्ध्या रस्त्यावर म्हणाला, “कोण? बाळंतीण की बाळ?” मी सांगितले. त्याने पुढे सगळ्या वळणांवर भोंगा वाजवला, समोर कोणी नसताना.

गाडीरस्ता संपल्यावर वरचा पाडा चढून जायचा. बाई झऱ्यावरून येत होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मला पाहिले आणि थांबली. इतक्या वर्षांत मी कधी तिच्या पाड्यावर गेले नव्हते.

तिने हंडा उतरवला नाही. म्हणाली, “तू आलीस.”

“हो.”

“फळ्यावर लिहिता येत नव्हता?”

मी नाही म्हणून मान हलवली. मग तिने हंडा उतरवला, पाणी सांडू न देता, आणि त्याच्या शेजारी खाली बसली. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या येऊन तिच्या बाजूला बसल्या. त्यांनाही काही सांगावे लागले नाही.

“पोर हाय?” तिने विचारले.

“आहे. मुलगी. एका बाईजवळ ठेवलीय.”

ती उठली. घरात बोचके बांधून ठेवलेले होते: नागलीचे पीठ, जुन्या लुगड्याचे धुऊन मऊ केलेले तुकडे, एक कोयता, बाळंतिणीला उकळून द्यायच्या कसल्याशा मुळ्या. सगळे बाळंतपणाचे. तिने त्यातून मुळ्या काढून बाजूला ठेवल्या, बाकी घेतले. “चल,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाक्यावर होतो. मी बरोबर गेले, कारण तिला तिकडचे रस्ते ठाऊक नव्हते. भट्टीवर कच्च्या विटांच्या आडोशाला एक बाई तिच्या स्वतःच्या मुलाबरोबर या मुलीला पाजत होती. मूल तळहातापेक्षा थोडे मोठे. जावई झोपडीच्या दाराशी उकिडवा बसला होता, उठला नाही. सासू सरळ मुलीकडे गेली, तिचे पाय उघडून पाहिले, टाळू पाहिली, कपड्यात गुंडाळून पोटाशी बांधली.

कॅफेवाला तिथे आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, चष्मेवाला, चपला लांब काढून उभा.

“तू लिहिला होतास?” तिने विचारले.

“लिखा था, माँजी।”

“मंग कठं गेला?”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, “त्याला आत घेतलं नाही.”

“का?”

“तो आपल्या इकडचा नाही म्हणून.”

ती म्हणाली, “पोर तं इकडची होती.”

कॅफेवाल्याने परतीच्या प्रवासासाठी दुधाची पिशवी आणि बाटली आणली होती. तिने ती घेतली.

मुलीला आम्ही थेट जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेले. शिमग्यापर्यंत ती तिथेच होती, दिव्याखालच्या पेटीत. आजी खाली फरशीवर. मला जमेल तसे मी जात होते.

एकदा मी असतानाच गुरुजी आले. खालच्या मानेने आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, त्याचा फोटो नटाचा होता हो. अशा फोटोचे रोज दहा अर्ज येतात. त्या मुलीच्या प्रकरणानंतर मी कोणाला कसं आत घेऊ?” मी म्हटले, गुरुजी, तुम्ही नियमाने केले. ते मला मनापासून म्हणायचे होते. पण ते ऐकून त्यांना बरे वाटले असे दिसले नाही.

मग ते आजीजवळ बसले. परिवारात सगळ्यांना कळले होते. दिराने लिहिले होते, त्याखाली लोकांनी मेणबत्त्या, हात जोडलेली चित्रे, श्रद्धांजली, काय काय टाकले होते.

“बाय,” गुरुजी म्हणाले, त्यांच्या घरच्या बोलीत, “परिवारातल्या समद्यांना वाईट वाटला. समद्यांनी लिहिलाय.”

“समद्यांनी?”

“दीडशेच्या वर माणसा.”

तिने पेटीतल्या मुलीवरून नजर काढली नाही. “मंग त्यांस गेला निरोप,” ती म्हणाली.

गुरुजी उठले. व्हरांड्यात जाऊन खांबाला धरून उभे राहिले. शिमग्यानंतर त्यांनी कॅफेवाल्याचा अर्ज मंजूर केला. तो परिवारात कधी आला नाही. मी फोनवर विचारले तेव्हा म्हणाला, “अब क्या लिखूँ मैडम?”

मी माझ्यापुरते केले ते असे. साइटसाठी सकाळचा एक तास ठेवला, बाकी दिवसभर फोन मोकळा. पोरे कुरकुरली आणि बाजारपेठेत नवीन कॅफे निघाला तिकडे गेली. दिराला म्हटले, पान परत काढा. तो लगेच तयार झाला. काढलेही. पांढऱ्यावर काळी अक्षरे, तसेच. पण लोक मोडलेल्या वाटेने परत जात नाहीत. काही निरोप आले, मग थांबले. पुढे परिवारही ओस पडला, कारण लोक दुसऱ्या साइटवर गेले. तिथे आणखी जास्त काय काय होते. अल्बम, मार्क, मेणबत्त्या जिथल्या तिथे राहिल्या. कोणी पुसल्या नाहीत.

मुलगी जगली. अशक्त, पण जगली. जावयाने पावसाळ्यात दुसरे लग्न केले आणि मूल सासूकडेच ठेवले. त्या वर्षी वरच्या पाड्यावर नागली धड पिकली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर स्टँडवर टेम्पो लागले, तेव्हा त्यातल्या एकात मला ती दिसली. इतकी वर्षे ती कधी भट्टीवर गेलेली नव्हती. हातात पातेली, पाठीला मुलगी बांधलेली. मुलगी फडक्यातून एक हात काढून शेजारच्या बाईचे केस ओढत होती आणि ती बाई “सोड गं चेटकिणी” म्हणत होती.

मी जवळ गेले. “तुला झेपेल का हे? विटा उचलायचं काम आहे.”

“घरी बसून काय झेपतं?” ती म्हणाली.

“मुलीचं काय?”

“ती माझे पाठीवर.”

टेम्पो भरत आला होता. मुकादम माणसे मोजत होता. मी तिला माझा नंबर कागदावर लिहून दिला आणि विचारले, काही झाले तर मागे पाड्यावर कोणाला सांगायचे, कोणाचे घर सांगू.

तिने कागद घेतला नाही. पाठीवरची मुलगी हलवून नीट वर घेतली.

“मी हाय ना पोरीजवळ,” ती म्हणाली. “मंग निरोप कशाचा?”